न ऐकू येणारा नाद

आमच्या इंदूरच्या सराफ्यात मळलेला दागिना आता कुणी रिठ्याने घाशीत बसत नाही. पाण्याच्या छोट्या यंत्रात तो बुडवितात आणि खाचाखोचांतील मळ धुरासारखा बाहेर येतो. ही किमया नादाची. परंतु सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने असलेला हा नाद माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. त्याने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात, आणि ते मिटताना त्यांच्या पोटात क्षणभर हजारो अंशांची उष्णता निर्माण होते.

याच नादाने जंतूही मरतात, हे हार्वे आणि लूमिस या अमेरिकन संशोधकांनी १९२९ साली दाखविले. मात्र केवळ नादावर भिस्त ठेवायची तर त्याचा जोर फार लागतो. म्हणून आता त्याला उत्प्रेरकाची जोड देतात. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळविणारा मध्यस्थ. कार्य पार पाडून स्वतः जसाच्या तसा राहणारा. बेरियम टायटनेटसारखे स्फटिक दाबले की त्यांत वीज उपजते; स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली उजेडात आणला. नादाच्या दाबाने उपजलेली ही वीज पाण्यातून व त्यात विरलेल्या प्राणवायूतून अतिउग्र कण घडविते, आणि ते जंतूंचे कवच फाडतात.

या विषयाकडे आम्ही निव्वळ कुतूहलाने वळलो नाही. आमच्या आत्याबाईंच्या मांडीत बसविलेल्या धातूच्या पट्टीवर जंतूंनी ठाण मांडले होते. औषधे बदलली; ताप उतरे, पुन्हा चढे. जंतू धातूवर चिकट आवरण करून राहतात आणि त्यात औषध पुरते शिरत नाही, असे डॉक्टरांनी समजाविले. अखेर पट्टी काढावी लागली. पुढे आत्याबाई काठीवाचून कधी चालल्या नाहीत.

प्रकाश मांसात खोल पोहोचत नाही, नाद पोहोचतो. म्हणून तर गर्भातील बाळ सोनोग्राफीत दिसते. शरीरात बसवायच्या धातूवर असा उत्प्रेरक लेपून बाहेरून नाद द्यावा, असे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. अडचण एवढीच की, ते उग्र कण जंतू आणि आपली पेशी यांत भेद करीत नाहीत. मात्रा साधणे हेच खरे कसब.

तोवर आहेत ती औषधे जपणे आपल्या हाती आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ साली जगात सुमारे बारा लाख सत्तर हजार बळी घेतले, असा अंदाज आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलिनच्या जनकाने, फ्लेमिंग यांनीच, १९४५ साली देऊन ठेवला होता. साध्या पडशासाठी दुकानातून परस्पर गोळी आणण्यापूर्वी तो प्रत्येक घराने आठवावा.