सासूबाईंच्या माहेरची वाट

मैत्रिणींनो, कोकणात चार दिवस जायचं म्हटलं, की बॅगेत काय भरायचं याची यादी आपल्याला पाठ असते. त्या यादीत सायकलही असावी असं मी म्हटलं, तर तुम्ही हसाल. ‘अहो, तिथं चालताना धाप लागते, सायकल कोण चालवणार?’ प्रश्न रास्त आहे. पण गंमत अशी, की डोंगरातली सायकल जिथं जन्माला आली, तो मुलूखही कोकणासारखाच, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर असा आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा भाग आहे. तिथल्या टॅमलपायस डोंगरावरून आणि आसपासच्या टेकड्यांवरून काही तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांनी सुसाट खाली यायची. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी शर्यतच लावली. उतरताना मागच्या चाकातलं ग्रीस तापून जळायचं आणि दर खेपेला नव्यानं भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असं नाव पडलं! त्या मंडळींत वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती. ती सायकलही चालवायची आणि फोटोही काढायची. पुढं १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तेव्हा पुरुषांबरोबर बायकांचीही शर्यत पहिल्याच वर्षी झाली. तेव्हा ‘हे पुरुषांचं काम’ असं कुणी म्हणालं, तर खुशाल ऐकून सोडून द्या.

माझं सासर दापोली तालुक्यातलं. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंच, आणि समुद्र तिथून जवळच. म्हणजे मुरूडला जा, कर्द्याला जा की हर्णैला, जाताना उतार आणि येताना चढ! डांबरी रस्ता वळणावळणाचा, त्यावर एस.टी. आणि पर्यटकांच्या गाड्या. त्या रस्त्यावर सायकल चालवायला मी तुम्हांला सांगणार नाही.

मग चालवायची कुठं? पुतण्यानं आपली गिअरची सायकल गावच्या घरी आणून ठेवली होती. मला अठ्ठेचाळिसावं लागलेलं, रक्तात साखर निघालेली, डॉक्टरांचा रोजच्या तासभर व्यायामाचा हुकूम. आणि कोकणातली सुट्टी म्हणजे घरच्या सुनेला काय, ते तुम्ही जाणताच. पाहुणे समुद्रावर आणि आपण चुलीपाशी. सकाळचे दोन तास माझे, असं मी जाऊबाईंशी ठरवून टाकलं. एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. पहिल्या दिवशी ‘ह्यांनी’ चहा केला. साखर विसरले, पण केला.

सासूबाई मात्र बघत राहिल्या. म्हणाल्या, “अगो, पन्नाशी आली. आता सायकलवर कुठं जाणार?”

मी म्हटलं, “तेच तुम्हांला विचारायचं होतं. डांबरी रस्ता नव्हता, तेव्हा तुम्ही माहेरी कशा जायचात?”

त्या जरा गप्प झाल्या आणि मग बोटांनी हवेत वाट दाखवू लागल्या. मागच्या पाणंदीनं वर चढायचं, चिऱ्यांच्या गडग्याला धरून जायचं, मग सडा लागतो, सड्यावर एकटं आंब्याचं झाड, तिथून खाली उतरलं की त्यांच्या माहेरची पाखाडी. दोन कोस. एस.टी. सुरू झाल्यावर त्या वाटेनं कुणी जाईनासं झालं. आता त्यांचे गुडघे गेले. एस.टी.चा फाटाही माहेरच्या घरापासून लांब, त्यामुळे सहा वर्षांत तिकडं जाणं झालेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, मला सांगायचं आहे ते एवढंच. डोंगरातल्या सायकलीची चांगली वाट गाडीरस्त्यांच्या पाट्यांवर सापडत नाही. ती पायी चालणाऱ्या बायकांना ठाऊक असते. लाकूडफाट्याला जाणारी, मासळीची पाटी घेऊन खालून वर येणारी, गुरांमागं जाणारी बाई विचारा. डोक्यावर ओझं घेऊन चालायची वाट तिनं पायांनी निवडलेली असते. चढ बेताचा, मधे सावली, वाटेत पाणी. अशी वाट बहुतेक ठिकाणी सायकललाही मानवते. पाखाडीच्या पायऱ्या आल्या, की उतरून सायकल हातात धरावी. त्यात कमीपणा नाही.

आता थोडं कामाचं. चढ लागण्याआधीच हलका गिअर घालावा, चढावर पाय अडकल्यावर नव्हे. जांभ्याची बारीक खडी चाकाखाली घसरते, म्हणून टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी. अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबेल इतकी. उतारावर दोन्ही पेडलं एका पातळीत, अंग मागं, नजर लांब आणि दोन्ही ब्रेक हळूहळू. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर आपण सायकलच्या पुढं जातो! डोक्याला हेल्मेट हवंच. ओढणी घरी ठेवावी.

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि सड्यावर इवल्या फुलांचा गालिचा असतो. तो चाकाखाली घालू नये. रत्नागिरी, राजापूरकडच्या सड्यांवर कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ साली ती गेली. तिथं सायकल लांब ठेवून पायीच जावं. बागेतून वाट असेल, तर राखणदाराला विचारल्याशिवाय जाऊ नये.

चढाचा कंटाळा आला, तर पुळण आहेच. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट होते, की सायकल सपाट रस्त्यासारखी पळते. ओहोटी कधी, हे सासूबाई पंचांगावरून सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येपासून तृतीयेपर्यंत सकाळची पुळण आपली. घरी आल्यावर मात्र सायकल गोड्या पाण्यानं धुवावी, पुसून साखळीला तेल द्यावं, नाहीतर खारानं ती गंजते. खोबरेल चालत नाही बरं का, त्यावर धूळ बसते.

चौथ्या दिवशी मी सासूबाईंच्या वाटेनं गेले. पाणंदीत करवंदीनं ओरबाडलं, दोनदा उतरून चालले. पण सडा लागला आणि समोर एकदम समुद्र दिसला. एकटा आंबा होता जागेवर. खाली माहेरच्या घरी त्यांच्या वहिनी ओटीवर बसलेल्या. मी कोण ते सांगताच त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. परत येताना पिशवीत कोकमं, आंबोशी आणि एक निरोप होता, ‘वन्संना म्हणावं, अंगणातलं प्राजक्ताचं झाड अजून आहे.’

सासूबाईंनी निरोप दोनदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, “आंब्यापाशी बसलीस का घटकाभर? आम्ही बसायचो.”

पुढच्या वेळी त्यांना गाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून खुर्चीत बसवून न्यायचं, असं घरात ठरलं आहे. सायकलवर पुढं जाऊन वर्दी द्यायचं काम माझं.

तुमच्याही घरात अशी एखादी वाट सांगणारं कुणी असेल. गुडघे थकले, तरी वाट त्यांच्या तोंडी आहे. या सुट्टीत विचारून तर बघा.