उभे राहण्याची मोजणी

हयातीतील बहुतेक वर्षे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढलेल्या माणसाला, कोणतीही मोजणी सुरू होण्यापूर्वी तिचे परिमाण कोणी ठरविले हे विचारल्यावाचून स्वस्थता लाभत नाही. म्हणून अर्धांगवायूने डावे अंग लुळे पडल्यानंतर, पाणचक्कीजवळच्या घाटी रुग्णालयात फिजिओथेरपीच्या तरुण मॅडम हाती घड्याळ व मोजपट्टी घेऊन "काका, आज तुमचा तोल मोजायचा आहे," असे म्हणाल्या, तेव्हा मी प्रथम त्यांच्या कागदाचीच चौकशी आरंभिली. कागद मूळचा कॅनडातला. कॅथरीन बर्ग या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह १९८९ साली तो सिद्ध केला. त्यात १४ बाबी, प्रत्येकीस शून्यापासून ४ पर्यंत गुण, एकूण ५६. आमच्या शंकू साखळीचे ३३ फूट निदान गुंठ्याच्या हिशेबाशी बांधलेले असत. येथे मात्र माणूस उभा कसा राहतो याचेच आणे-पै पाडलेले होते. छप्पन्न पाहिले म्हणण्याची आमची पद्धत. हे छप्पन्न निराळेच निघाले.

खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, पुन्हा बसणे या बाबी कशाबशा पार पडल्या. त्यानंतर मॅडमनी दोन मिनिटे निराधार उभे राहण्यास फर्मावले. मी ताठ उभा आहे, भिंतीची रेघ आणि माझे नाक एका ओळंब्यात आहेत, अशी माझी पुरती खातरी होती. पण त्यांनी नंतर, त्या कागदात नसलेली एक युक्ती म्हणून, प्रत्येक पायाखाली एकेक वजनकाटा ठेवला, तेव्हा उजवा काटा ४४ किलोंवर गेला आणि डावा १९ वरच थबकला. शरीराचा एवढा मोठा हिस्सा परस्पर एका बाजूस गहाण पडावा आणि मालकास त्याची वर्दीही नसावी, हे पाहून मी थक्क झालो.

पुढची बाब डोळे मिटून १० सेकंद उभे राहण्याची. मॅडमनी समजावून सांगितले की, तोलाची वार्ता मेंदूला तीन ठिकाणांहून पोहोचते: डोळ्यांकडून, आंतरकर्णाकडून, आणि तळपाय व सांध्यांकडून. एका ठिकाणची खबर मंदावली तर बाकीची दोन तिची भरपाई करतात. म्हणूनच डोळे मिटल्यावर खरा प्रकार उघडकीस येतो. बर्लिनच्या रोम्बर्ग नावाच्या वैद्याने एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट आपल्या रोग्यांत हेरली होती. माझे डोळे मिटले आणि पायांखालची फरशी डावीकडे उतरू लागली. मॅडमचा हात पाठीमागे तयारच होता.

हात पुढे करून किती वाकता येते, हेही मोजपट्टीने पाहिले जाते. पूर्ण गुणांसाठी २५ सेंटिमीटर लागतात. मग पायांपुढची चप्पल उचलणे, मागे वळून पाहणे, स्टुलावर आळीपाळीने पाऊल टेकविणे, एका पायावर उभे राहणे. बेरीज ३४ झाली. ४५ च्या खाली पडण्याचा धोका अधिक मानण्याची वहिवाट आहे, असे सांगून मॅडमनी लगेच बजावले की, ४५ म्हणजे काही हद्दीचा दगड नव्हे. ४६ वालाही पडतो. हे त्यांनी न विचारता सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तरीही एक तक्रार मी नोंदविलीच. त्या १४ बाबींत खुर्ची वारंवार येते. जमिनीवर बसून उठण्याची बाब मात्र एकही नाही. बेगमपुऱ्यातील आमच्या घरात जेवण पाटावर, स्नान मोरीत, देवपूजा सतरंजीवर. माझ्या शेजारच्या खाटेवर हिमरूचे विणकाम केलेले एक वृद्ध चाचा होते. त्यांचा तर एकच प्रश्न असे, की सजद्यातून उठता येईल केव्हा? ५६ पैकी ५६ मिळाले तरी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या बेरजेत निघणार नव्हते.

पंधरावी बाब घालावी, असे मी सुचविले. मॅडम हसल्या. नमुना ज्याने त्याने आपल्या मर्जीने बदलला, तर एका इस्पितळाचे गुण दुसऱ्याशी ताडून पाहायचे कसे, असा त्यांचा प्रतिप्रश्न, आणि सरकारी नमुन्यांत आयुष्य गेलेल्या मला तो तत्काळ पटला. पण शेऱ्याचा रकाना कोरा का राहावा? तो त्यांनीही राहू दिला नाही. सतरंजी अंथरून त्यांनी आम्हा दोघांना शिकविले: आधी कुशीवर वळायचे, धडधाकट हातावर भार घ्यायचा, गुडघ्यांवर यायचे, मग बळकट पाऊल पुढे टेकवून, जवळच्या स्टुलावर हात रोवून उठायचे. चाचांच्या कागदावर सजद्याची नोंद झाली, माझ्या कागदावर पाटाची.

घरी परतण्याच्या वेळी माझी बेरीज ४६ होती, आणि शेरा होता: 'जमिनीवरून उठताना उजव्या हाताचा आधार; मोरीत कठडा आवश्यक.' मुलाने गवंडी बोलावून कठडा बसवून घेतला. त्याची उंची मात्र मी स्वतः मोजून दिली.