तो आपोआप चालतो

आमच्या घरातला गेमचा डबा शारजाहून आला. मुलांच्या मामूंनी दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना आणला, सोबत दोन कंट्रोलर. आमच्या दोघांच्याही कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण मामूंसमोर बोलणार कोण? जुम्याच्या संध्याकाळी एक तास आणि रविवारी दोन तास, एवढा नियम करून आम्ही गप्प बसलो.

रमजान ईदेनंतरच्या आठवड्यात थोरला तक्रार घेऊन आला. कंट्रोलरच्या डाव्या दांडीला, मुलं तिला स्टिक म्हणतात, काहीतरी झालं होतं. पडद्यावरचा खेळाडू सारखा डावीकडे सरकत होता. "यानेच आपटलाय," थोरला म्हणाला. धाकटा दहा वर्षांचा. गेल्या वर्षी टीव्हीचा रिमोट त्याच्याच हातून फुटला होता, त्यामुळे आम्हांला वेगळा पुरावा लागला नाही.

"मी नाही आपटला. अल्लाह कसम, तो आपोआप चालतो."

त्या 'आपोआप'चा आम्हांला राग आला, आणि कसमेचा त्याहून जास्त. एका खेळण्यासाठी अल्लाहची कसम खातोस? महिनाभर गेम बंद, आणि तोही फक्त त्याचा. तो रडला नाही. उलट उत्तरही दिलं नाही. शाळा, मकतब, जेवण सगळं वेळेवर चालू होतं. पण जेवताना तो ताटाकडे बघून जेवायचा, आणि आमच्या हाकेला 'जी' म्हणून समोर येऊन उभा राहायचा, पाहुण्यांच्या मुलासारखा. आम्ही म्हटलं, चूक कळतेय त्याला.

बाजारातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला कंट्रोलर दाखवला. त्याने तो उघडलाही नाही. आतला बोर्ड गेलाय, नवाच घ्या, म्हणाला. नवा म्हणजे पाच-सहा हजार. आम्ही तो तसाच परत आणला.

पुढच्या रविवारी थोरला खेळता खेळता पाणी प्यायला उठला आणि कंट्रोलर दिवाणावर ठेवून गेला. अम्मी, म्हणजे मुलांची दादी, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. पडद्यावरचा माणूस हळूहळू डावीकडे चालत जाऊन तळ्यात उतरला. अम्मींनी विचारलं, "याला आता कुणाचा हात लागलाय का?"

नव्हता लागला.

"मग हा चालतो कसा?"

हा प्रश्न आम्ही पंधरा दिवसांपूर्वी विचारायला हवा होता. विचारून उत्तर मिळवायला एक मिनिट पुरलं असतं. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. लसूण सोलता सोलताच अम्मी पुढे म्हणाल्या, "तुमच्या अब्बांच्या दुकानात असे रेडिओ यायचे. बटणाला कुणी हात लावायचं नाही, पण आवाज आपला कमी-जास्त व्हायचा, खरखरायचा. आतली काळी पट्टी झिजली की असंच व्हायचं."

अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण त्यांची लोखंडी पेटी माळ्यावर होती, आणि तिच्यात सोल्डरिंग आयर्न, चिमटे, मीटर सगळं होतं. आमच्यातल्या एकाने लहानपणी त्या दुकानात बसून सोल्डर मारलेलं. दुसरीची नजर बारीक, सुईत दोरा ओवणारी. दोघांचं मिळून एक मेकॅनिक होतो म्हणायला हरकत नाही.

त्या रात्री आम्ही वाचायला बसलो तेव्हा कळलं की अम्मींचं निदान नुसतं जवळपासचं नव्हतं, अगदी तेच होतं. स्टिकच्या खाली एक छोटी पेटी असते आणि तिच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, दोन चपट्या डब्या. एक डावं-उजवं मोजते, दुसरी वर-खाली. त्या डब्या म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे धाकटे भाऊ. आत कार्बनची काळी पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारं पातळ पत्र्याचं बोट. बोट पट्टीवर कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलतं, आतली चिप त्याचा आकडा करते. अंगठा सोडला की स्प्रिंग स्टिकला मध्यभागी आणते, तेव्हा आकडा निम्म्यावर यायला हवा. पण खेळताना ते बोट सर्वांत जास्त घासतं ते मधल्या भागातच. पट्टी तिथे झिजते, काळी पूड साचते, स्प्रिंगही सैल पडते, आणि निम्म्याचा आकडा थोडा सरकतो. चिपला अंगठा दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. आकडा 'थोडं डावीकडे' म्हणाला की ती खेळाडूला चालवते. आपोआप.

याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि हा आजार साऱ्या जगातल्या मुलांच्या घरी आहे. 2019 साली अमेरिकेत याच तक्रारीवरून ग्राहक निन्टेन्डो कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. पुढच्या वर्षी कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. आमच्या घरातला कंट्रोलर दुसऱ्याच कंपनीचा, पण पट्टी आणि बोट तेच. ते वाचताना आम्हांला वाटलं, एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाला जमलं ते आम्हांला अजून जमलेलं नाही.

सकाळी शाळेला जाण्याआधी त्याला जवळ बसवलं. "तू खरं बोलत होतास. आम्ही बघितलं नाही, विचारलं नाही. चूक आमची." थोरल्यालाही समोर उभं केलं होतं; तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. धाकट्याने एवढंच विचारलं, "मग कसमेचं काय?" आम्ही म्हटलं, खेळण्यासाठी कसम खाऊ नये हे खरंच, पण तू खोटी खाल्ली नव्हतीस. त्याने मान हलवली आणि दप्तर उचललं. आम्हांला वाटलं होतं तो गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही.

दुरुस्ती मात्र त्याच्याशिवाय करायची नाही असं आम्ही ठरवलं. रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. मागचे स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले, कुठला कुठे हे त्याने वहीत काढून घेतलं. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची आणि मगच पुढे हात घालायचा. आतली पातळ रिबन केबल ओढली तर तुटते, ती चिमट्याने हलकेच सोडवायची. धाकट्याच्या हातात टॉर्च होता. तो आमच्याशी नाही, टॉर्चशी बोलल्यासारखा सूचना करत होता.

आधी मीटर लावला. या डब्या साधारण 10 किलोओहमच्या असतात. उजव्या स्टिकची मधली पिन दोन्ही टोकांपासून जवळजवळ निम्मं दाखवत होती, आणि स्टिक हलवून सोडली की आकडा पुन्हा तिथेच येत होता. डाव्या स्टिकचा आकडा दर वेळी वेगळ्या जागी थांबत होता. धाकट्याने ते आकडे वहीत लिहिले आणि वही थोरल्यासमोर सरकवली. एक शब्द बोलला नाही.

डबीचं बाजूचं झाकण उचकटून पाहिलं. पट्टीवर मधोमध घासल्याची रेघ, कडेला काळी पूड. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसली, पूर्ण वाळू दिलं, मग झाकण लावलं. (कुणी तेल सोडायला सांगितलं तर सोडू नका, धूळ आणखी चिकटते.) कंट्रोलर जोडला, टेबलावर ठेवला, हात वर केले. खेळाडू जागेवर उभा! अम्मी म्हणाल्या, "आठ दिवस थांबा."

नवव्या दिवशी तो पुन्हा चालायला लागला. पूड पुसता येते, झिजलेली पट्टी भरून येत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढवला की चिप मधल्या बारीक हालचालीकडे दुर्लक्ष करते आणि दोष झाकला जातो. पण मग हलका अंगठाही तिला कळत नाही, आणि मुलांना ते चालत नाही.

मुंबईत शिकणाऱ्या भाच्याला लॅमिंग्टन रोडला पाठवलं. त्याने दोन नव्या स्टिक आणल्या, दोन्ही मिळून दोनशेच्या आत. चुंबकाच्या, म्हणजे हॉल सेन्सरच्या स्टिकही मिळतात. एडविन हॉल यांनी 1879 साली शोधलेल्या तत्त्वावर त्या चालतात. त्यांत पट्टीवर काही घासतच नाही, त्यामुळे पट्टी झिजण्याचा प्रश्न नाही. सेगाच्या 1998 च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही असंच चुंबक होतं. मग नंतर सगळ्यांनी तेच का नाही वापरलं, हा धाकट्याचा प्रश्न आम्हांलाही पडला. पण प्रत्येक बोर्डाला त्या तशाच चालत नाहीत, बसवल्यावर मध्य जुळवावा लागतो, म्हणून आम्ही साध्याच घेतल्या.

खरं कष्टाचं काम जुनी स्टिक काढण्याचं. तिला चौदा पाय: दोन डब्यांचे तीन-तीन, दाबायच्या बटणाचे चार, पेटीचे चार. चौदाही पायांचं सोल्डर निघाल्याशिवाय ती हलत नाही, आणि घाईने ओढली तर बोर्डावरचं तांबं उखडतं. कारखान्यातलं सोल्डर वितळेना, तेव्हा वर आपलं थोडं शिशाचं सोल्डर घालून ते मऊ केलं, मग तांब्याच्या जाळीने शोषून घेतलं. खिडकी उघडी ठेवली, मुलांना धुरापासून लांब बसवलं. मगरीबची अजान झाली तेव्हा नऊ पाय मोकळे झाले होते. नमाजनंतर उरलेले पाच.

नवी स्टिक बसली. खेळाडू उभा राहिला आणि महिना झाला, उभाच आहे. अगदी निम्मा आकडा येत नाही, किंचित वर राहतो. धाकट्याने त्याच्यापुरता डेडझोन स्वतः लावून घेतला आहे. जेवताना तो आता ताटाकडे बघत नाही, पण पूर्वीसारखा बडबडतही नाही. आम्ही घाई करत नाही.

ही बातमी गल्लीत पसरली. परवा शेजारच्या खाला त्यांच्या मुलाचा कंट्रोलर पिशवीत घालून घेऊन आल्या. "आपटला असणार मेल्याने, कबूलच करत नाही," त्या म्हणाल्या. कंट्रोलर शोकेसवर ठेवलाय. आम्ही त्यांना सांगितलंय, रविवारपर्यंत त्याला काही बोलू नका. धाकटा वही घेऊन आकडे लिहिणार आहे.