शोरूमच्या मागची बाजू

मागच्या महिन्यात गावी गेलो, तर चुलतभावाने सकाळीच गाडीची किल्ली हातात ठेवली. "भाईजान, औशाला चला. अब्बांना ट्रॅक्टर दाखवायचाय. तुम्ही सोबत असलात की ते वाद घालत नाहीत." हा आमच्या घरातला जुना गैरसमज आहे.

चाचांची जमीन चार एकर. सोयाबीन आणि तूर. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकली. तेव्हापासून सगळं भाड्यावर. मृगाचा पाऊस पडला की वाफसा सगळ्या शिवाराला एकाच दिवशी येतो आणि ट्रॅक्टरवाला आमच्याकडे चौथ्या दिवशी. गेल्या साली तोवर वरची माती सुकली, निम्मं बी उगवलंच नाही. भावाचा हट्ट उगीच नव्हता.

शोरूमबाहेर पताका, रंगाचा वास, प्लॅस्टिक न काढलेल्या सीटा. शेजारी रोटाव्हेटर, पल्टी नांगर, मोगडे ओळीने मांडलेले. विक्रीला बसलेला पोरगा कृषी पदविका झालेला, बोलायला गोड. "या चाचा, बसा. चहा सांगतो." त्याने पीटीओ दाखवला. मिनिटाला ५४० फेरे घेणारा मागचा दांडा, ज्यावर रोटाव्हेटर फिरतो. चाचांच्या लुंगीकडे बघून म्हणाला, "हे चालू असताना जवळ जायचं नाही. कपडा धरला की माणूस आत ओढला जातो." विकणाऱ्याने हे आपणहून सांगावं, मला आवडलं.

रोटाव्हेटरकडे चाचांनी पाठ फिरवली. "माती पिठासारखी करतंय आणि खाली थर कडक. पाणी मुरंल कुठं?" एकेकाळी लोखंडी नांगराने जमीन नासते असं लोक म्हणत, किर्लोस्करांना सुरुवातीला नांगर खपवताना याच समजुतीशी झगडावं लागलं होतं. पण चाचांचं म्हणणं तसलं नाही. दरवर्षी नुसता रोटाव्हेटर फिरवला की खाली थर बसतो, हे शेतीतज्ज्ञही सांगतात.

चाचा उकिडवे बसले ते बीबीएफ पेरणी यंत्राजवळ. पेटीत बी, खाली भोकं पाडलेल्या चकत्या. चकती जमिनीवर चालणाऱ्या चाकाने फिरते, म्हणून ट्रॅक्टर हळू चालो की जोरात, दोन दाण्यांमधलं अंतर तेच. शिवाय रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूला सऱ्या. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली तर ओल टिकते. चाचांनी चकतीच्या भोकात बोट घातलं. "तुझी दादी चाड्यावर मूठ धरायची. अशीच एकसारखी. हात दुखला तरी दाणा हलायचा नाही."

मग हिशोब. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून साडेआठ लाख. अडीच भरायचे, सहा फायनान्स, पाच वर्षं सहामाही हप्ते, प्रत्येक ८० हजारांच्या वर. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर, नंबर लागला तर. पोरगा व्याजदर सांगताना जरा अडखळला, बहुधा आमच्याकडे बघून. चाचा म्हणाले, "हराम-हलालचं मी मौलानांना विचारीन. तुम्ही आकडा सांगा."

ट्रॅक्टरचा खर्च काढताना तो वर्षाला हजार तास चालेल असं धरतात. आमच्या चार एकराला, सगळी मशागत आणि पेरणी मिळून, चाळीस तास पुरतात. बाकीचे तास लोकांच्या रानात भाड्याने. भाऊ म्हणाला, मी मारीन. मारेलही. पण गावात आधीच अकरा ट्रॅक्टर आहेत.

लघवीला म्हणून चाचा मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी गेलो. मागच्या आवारात, पत्र्याच्या कुंपणाशी सात-आठ ट्रॅक्टर उभे होते. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेले. एकाच्या कपाळावर 'आईची पुण्याई', एकावर '७८६', एकाच्या सीटला अजून टॉवेल बांधलेला. चाचा एका मीटरवरची धूळ बोटाने पुसत होते. १३१२ तास.

"किती वर्सं चालला हा?" पोरगा मागोमाग आलाच होता. "चार. लिलावात स्वस्त पडेल चाचा, बोलू का?"

"दुसऱ्याच्या दारातून उचललेलं नक्को."

भाऊ काही बोलला नाही. तोही त्या टॉवेलकडे बघत होता.

परतताना चाचांनी पेरणी यंत्राचं तेवढं कोटेशन मागितलं. लाखाच्या आत. गावातल्या अकरापैकी एकाकडेही बीबीएफ नाही. नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिताना चाचा भावाला म्हणाले, "यंत्र आपलं राहिलं तर ट्रॅक्टरवाला पयल्या दिवशी आपल्या बांधावर येईल. त्यालाच गरज पडंल." भावाने उत्तर दिलं नाही. बशीत चहा ओतून बोटाने टेबलावर काहीतरी गुणाकार करत राहिला. ट्रॅक्टरचं रंगीत माहितीपत्रक मात्र त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, ते काढलं नाही.