एसी की लेन्स?

आमचे अहो हॉटेलच्या रूममध्ये शिरले की आधी प्लग पॉइंट मोजतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, लॅपटॉप... माझा हेअर ड्रायर कायम वेटिंगवर! पण खरी जुंपते ती एसीवरून. मालवणात रात्रभर एसी १८ वर होता. सकाळी किनाऱ्यावर आलो, समोर १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गावर कोवळं ऊन, आणि लेन्सवर धुकं! गार काचेला दमट हवा लागली की पाणी धरतंच. पुसलं तरी पुन्हा येतं. काच निवळेपर्यंत ऊन चढलं. नवरा दिवसभर गप्प. (भांडला असता तर बरं!) आता कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद बॅगेत आणि बॅग रात्री बाथरूममध्ये, एसीपासून लांब. मला माझा एसी मिळतो. फक्त बुकिंग करताना तो बाथरूम केवढं आहे विचारतो, तेव्हा मी दुसरीकडे बघते.