पवनीची वाळू

वाळूच्या टेकड्या म्हटल्या की आपल्याला समुद्रच आठवतो. पण आम्हा भंडारेकरांचा समुद्र म्हणजे वैनगंगा! माघ-फाल्गुनात यांच्या मोटारसायकलवर मागे बसून पवनीला जावं. अड्याळ मागे पडलं, की धानाच्या बांध्या नि मोहाची झाडं. वाटेत जगन्नाथ टेकडी बघून घ्यावी. १९६९-७०च्या उत्खननात तिथे बौद्ध स्तूप सापडला.

घाटावरून खाली उतरलं, की वाळूच वाळू. कोकणातले ढीग वारा रचतो, इथले पुरानं आणून टाकलेले. मुठीत घ्या, दाणा जाडच लागेल. गाडी काठावरच ठेवावी, स्टँडखाली चपटा दगड हवा, नाहीतर कलंडलीच म्हणून समजा. मुलांना खुशाल खेळू द्या, पण धारेपासून लांब. वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे, दारं उघडली की पाणी चढतं.

नदीच्या वाळूत डांगरवाड्या लावायची इकडची जुनी रीत. १९८८ साली त्या धरणाची पायाभरणी झाली. धरणात पाण्याबरोबर वाळूही अडते. म्हणजे इथून ट्रॉल्या भरून नेलेली वाळू आता पूर्वीसारखी भरून येणं कठीण. आणि घर बांधताना 'नदीचीच वाळू हवी' असा हट्ट धरणाऱ्याही आपणच ना?