तयार म्हणायचं कधी?

आज दिवसभर लिनक्सच्या पडद्याची नवी व्यवस्था, वेलँड, हीच डोक्यात आहे. जुनी व्यवस्था, एक्स ११, १९८७ ची. तिच्यात एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप केलेली अक्षरं टिपता येतात, त्यामुळे बदल हवाच होता. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये वेलँड डीफॉल्ट केलं. उबंटू या दुसऱ्या वितरणाने २०१७ मध्ये केलं, पण २०१८ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत माघार घेतली. स्क्रीन शेअरिंग अडत होतं, आणि डेस्कटॉपचं शेल कोसळलं की उघडी कामंही जात. २०२१ मध्ये वेलँड परत आलं. ती माघार मला फार मोलाची वाटते. वर्षानुवर्षं त्याच आवृत्तीवर विसंबणाऱ्यांची त्यात काळजी होती. तशीच काळजी सगळ्यांची हवी, म्हणून अशा व्यवस्था बनवणाऱ्यांना माझं एकच मागणं: दृष्टिहीन माणसाला पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नीट चालेपर्यंत नव्या व्यवस्थेला तयार म्हणू नका.